गोष्ट विसरते, मग कादंबरीतलं नेमकं काय लक्षात राहतं?

कृष्णाकाठची (सांगली)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचून जात होते, आज विचारतेच. आवडती कादंबरी कुठली असे धागे इथं ढिगानं आहेत आणि सगळ्यांत त्याच याद्या, मृत्युंजय, स्वामी, कोसला, श्रीमान योगी, आणि पुढं "अप्रतिम", "निःशब्द", "प्रत्येकानं वाचायलाच हवी". त्यातनं कळत काहीच नाही. मला जरा वेगळं विचारायचंय. कादंबरी वाचून बरीच वर्षं झाली की गोष्ट निम्मी पुसली जाते, कोण कुणाचा मेव्हणा ते आठवत नाही, शेवट काय झाला तेसुद्धा धड सांगता येत नाही, तरी आपण छातीठोकपणे म्हणतो की ही माझी आवडती. मग डोक्यात नेमकं काय उरलेलं असतं? एखादा प्रसंग, एखादं माणूस, बोलायची ढब, का ती वाचली तेव्हाचे आपले दिवस?

माझ्यापासनं सुरू करते. ययाती. खांडेकर जन्मानं सांगलीचे, १८९८ चे, त्यामुळं इथं शाळेपासनंच नाव कानावर, मराठीला पहिलं ज्ञानपीठ १९७४ चं, ययातीसाठी, हे सामान्यज्ञानात घोकलेलं. पण मला ती आवडते ती त्यातल्या सुविचारासारख्या वाक्यांसाठी नाही, ती तर मी आता गाळूनच पुढं जाते. ती तिघांनी सांगितलीय ना, ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा, ते मला धरून ठेवतं. देवयानी हट्टी, अहंकारी असं आपण ठरवून मोकळे झालेले असतो आणि मग तिचा भाग येतो, ती बोलायला लागते, आणि थोड्या पानांत आपण तिच्या बाजूनं मान डोलवत बसतो, कचावरचा राग, बापाच्या तपाचा तोरा, सगळं तिच्या जागी बरोबर वाटायला लागतं. मग शर्मिष्ठा सुरू झाली की आपण परत फितूर. जावाजावांच्या भांडणात दोघींचं ऐकून घेणाऱ्या शेजारणीची जी पंचाईत होते ना तीच. ते उरलंय माझ्याकडं, बाकी राजवाडा, ऋषी, शाप सगळं धूसर.

नियम एकच, अप्रतिम म्हणायचं नाही. काय उरलं ते सांगायचं.

माणदेशी_मेंढका (आटपाडी)

ताई, लय भारी विषय काढलासा.

माझी बनगरवाडी, व्यंकटेश माडगूळकरांची. त्यांचं माडगुळं गाव आमच्याच तालुक्यात, तवा मी पक्षपाती हाय हे आधीच मान्य करून टाकतो. १९५५ ची कादंबरी, पानं पण फार नाहीत, बसलं की दोन संध्याकाळीत उरकती. धनगरांच्या वाडीवर एक पोरगेला मास्तर शाळा चालवायला येतो, एवढीच गोष्ट म्हणा की. पण त्यात शेकू हाय बघा. त्याच्याजवळ बैल एकच, दुसरा काय मिळत नाही, तर त्याची बायको बैलाच्या जोडीला स्वतः जुवाला खांदा देती. झालं. लेखक तिथं थांबून गळा काढत नाही, गरिबीवर चार वाक्यं सांगत नाही, आपलं वाडीतलं पुढचं काम सांगायला लागतो. आणि तुम्ही मात्र त्या पानावरच बसलेले असता.

मला वाटतं लेखक जितका कमी हळहळतो तितकं आपल्याकडं जास्त राहतं. तेच प्रसंगाच्या खाली कुणी "अहाहा काय हे दारिद्र्य" असं लिहिलं असतं तर मी कधीच विसरलो असतो.

शेवटी दुष्काळ पडतो आणि माणसं वाडी सोडून जातात. आता गंमत सांगतो, आमच्याकडं टेंभू योजनेचं पाणी आलंय, जिकडं तिकडं डाळिंबाच्या बागा, माझ्या पोरानं वाचली तर म्हणतो पप्पा ह्यांनी जरा जास्तीच लिहिलंय. आणि आमचं म्हातारं, ज्यांनी ७२ चा दुष्काळ अंगावर काढला, ते म्हणतात कमी लिहिलंय. अमोल पालेकरांचा पिक्चर पण हाय ९५ चा, पण आधी पुस्तक वाचा.

वारणाखोरं (वाळवा तालुका)

फकिरा घ्या यादीत. अण्णाभाऊ आमच्या वाटेगावचे.

ताई तुम्ही ययाती म्हणालात म्हणून सांगतो, दोन्ही १९५९ च्याच. आणि एक जण राजवाड्यातलं लिहितोय तर दुसरा, ज्यानं शाळेचं तोंड दीड दिवस पाहिलं, तो वारणेच्या खोऱ्यातल्या मांगवाड्यातलं लिहितोय, दोघंबी एकाच जिल्ह्यातले, आणि फकिराला प्रस्तावना कुणाची तर खांडेकरांची. अर्पण केलीय बाबासाहेबांच्या लेखणीला. हे माहीत असून वाचलं की अंगावर काटा येतोच.

पण तुमच्या प्रश्नाला धरून सांगायचं तर मला काय उरलं, वेग. सुरुवातीचीच जोगणी घ्या. जोगणी आपल्या गावात आणली की जत्रेचा मान आपल्या गावाला, त्यापायी राणोजी जिवावर उदार होऊन जातो आणि मारला जातो, आणि तिथनं त्याच्या पोराची म्हंजे फकिराची गोष्ट. मी ती पहिल्यांदा वाचली नाही, ऐकली. आमच्या आळीत एक आण्णा होते, दिवसभर गवंडीकाम आणि रात्री कट्ट्यावर मोठ्यानं वाचायचे, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, आणि राणोजीचा प्रसंग आला की मुद्दाम थांबून बिडी पेटवायचे, पोरं नुसती वळवळायची, आण्णा पुढं, आण्णा पुढं. आजबी मी ती मनातल्या मनात वाचू शकत नाही, ओठ हलतातच.

दुष्काळात माणसं मरायला लागल्यावर फकिरा धान्य लुटून वाटतो तो भाग तर बोलूच नका.

अजिंक्यतारा_खाली (सातारा)

सगळ्यांची माफी मागून थोडा विरोधी सूर लावतो. आत्तापर्यंत जे आलं त्यात खांडेकर सांगलीचे म्हणून, माडगूळकर आटपाडीचे म्हणून आणि अण्णाभाऊ वाटेगावचे म्हणून. आपल्या तालुक्याचं नाव आलं की कादंबरी लक्षात राहते हा काही निकष झाला का? असं असेल तर आम्ही सातारकरांनी स्वामी डोक्यावर घ्यायची कारण त्यातले रामशास्त्री आमच्या माहुलीचे.

मला कोसला आवडते आणि माझा खानदेशाशी काडीचा संबंध नाही. १९६३ ची कादंबरी, सांगवीचा पांडुरंग पुण्यात कॉलेजला येतो, हॉस्टेल, मेस, गॅदरिंग, पैसे उडवणं, परीक्षेत आपटणं, शेवटी परत गाव. घडत काहीच नाही म्हणून लोक पहिल्या ऐंशी पानांत सोडतात. पण त्याचा आवाज! सगळ्यावर तिरकं बोलणारा, कशालाच किंमत न देणारा. आणि मग मनू जाते, त्याची धाकटी बहीण, आणि त्या आवाजाला काय करावं कळत नाही, तिरकंही बोलता येत नाही आणि रडताही येत नाही, वाक्यं तुटायला लागतात. इतका वेळ जो माणूस आपल्याला हसवत होता त्याचा धीर सुटलेला आपण ऐकतो. मला ते उरलंय. माणदेशी म्हणतात ते कमी हळहळण्याचं मला पटलं, पण इथं उलटं आहे, इथं लेखक लपत नाही तर फुटतो.

ययातीबद्दल, ताई रागावू नका, पण जी कादंबरी वाचताना वाक्यं गाळावी लागतात ती आवडती कशी?

टपरीवरचा_चहा (विटा)

उदाहरणार्थ आम्हीपण कोसला वाचली, पण हॉस्टेलची मेस आठवली की भूक लागते वगैरे. पळा.

कृष्णाकाठची (सांगली)

@अजिंक्यतारा रागावले नाही हो. पण आवडत्या माणसाच्या पण सगळ्या गोष्टी कुठं ऐकतो आपण, सासरेबुवा तेच तेच सांगायला लागले की हं हं करून पुढं जातोच ना.

आणि गावाचा मुद्दा मला पूर्ण पटत नाही. आपल्या गावामुळं आपण पुस्तक उघडतो एवढंच. मिटायला लावायचं का नाही ते पुस्तकच ठरवतं. आपल्या भागावरची कितीतरी पुस्तकं प्रकाशन समारंभाला घेतलेली कपाटात पडून आहेत माझ्या, त्यातलं एक पान आठवत नाही.

जुनी_बाइंडिंग (कराडजवळ)

मी एका तालुक्याच्या गावच्या वाचनालयात काउंटरवर बसतो, पगाराचं विचारू नका. तुमचा वाद वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, कारण लोकांना काय आवडलं हे लोक सांगतात त्यापेक्षा पुस्तकं जास्त खरं सांगतात.

परत आलेलं पुस्तक मिटून उभं धरायचं आणि पानांच्या कडेकडं बघायचं. जिथवर वाचलंय तिथवर कड मळकट, पुढं पांढरी. कोसलाच्या आमच्या प्रतीत सुरुवातीचा भाग काळाकुट्ट आणि नंतर एकदम कमी, अगदी शेवटापर्यंत फिकट मळ, म्हणजे सोडणारे पुष्कळ, पण जे टिकले ते शेवटपर्यंत गेले. अजिंक्यतारा भाऊ म्हणतात ते खरंय. मृत्युंजय सगळीकडनं सारखी मळकी. ती १९६७ ची कादंबरी, आमच्याकडं किती वेळा बाइंडिंग झाली ते जुन्या रजिस्टरला शोधावं लागेल, आता तर टाके घालायला कडेला कागदच उरला नाही, तिच्यात अक्षरं आत शिवली गेल्यात. ती सहा जणांनी सांगितलीय, कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि कृष्ण. पेन्सिलच्या खुणा सगळ्यात जास्त कुठं असतील? मला वाटायचं रथाचं चाक रुततं तिथं. तर नाही, वृषालीच्या भागात. बारीक, समासात, पुसलेल्यासुद्धा. कोण करतं ते मला साधारण माहीत आहे पण सांगणार नाही, आणि नियमानं दंड घ्यायला पाहिजे तो पण मी घेत नाही.

स्वामीचं वेगळंच. १९६२ पासनं लोक नेतायत आणि परत देताना हमखास म्हणतात "असंच दुसरं काहीतरी द्या". मी श्रीमान योगी देतो, पानिपत देतो, ते वाचतात, आवडतं पण म्हणतात तसं नाही. मग एकदा एका काकूंना विचारलं की तसं म्हणजे कसं, तर म्हणाल्या, माधवराव आणि रमाबाई जास्त बोलतच नाहीत हो एकमेकांशी. थेऊरचा शेवट, सती जाणं हे सगळं त्यांना माहीतच होतं आधीपासनं, इतिहासात आहे ते. त्यांना हवं होतं ते न बोलणं. आता तसं पुस्तक कुठल्या कपाटात शोधू.

आणि हो, लोक एकदा हरवलेलं पुस्तक विकत घेऊन देतात, पण मूळ प्रत सापडली तर तीच ठेवून घेऊ का म्हणतात. नवी कोरी आम्हाला, फाटकी त्यांना.

नाईटड्युटी (मिरज)

वाह बाइंडिंगदादा, तुमचं वेगळं पुस्तक निघेल.

मी धग सांगते, उद्धव शेळक्यांची, १९६० ची. मी मिरजेची, नर्स आहे, विदर्भ फक्त ट्रेनमधनं पाहिलेला, म्हणजे गावाचा निकष इथंच निकाली. सुरुवातीला वऱ्हाडी बोलणं कळेना, ठेवून दिली होती, मग रात्रपाळीला वॉर्ड शांत असला की थोडी थोडी वाचत गेले आणि पुढं पुढं तर ती भाषा कानात बसली, इतकी की सकाळी मावशींशी बोलताना त्यातलं बोलून गेले.

कौतिक म्हणून बाई आहे. नवरा महादेव, त्याला पुढं कुष्ठरोग होतो, आणि ही संसार ओढते. आपण सारखं म्हणत राहतो की आता हिचं बरं होणार, पोरगं शिकेल, दोन पैसे येतील, आणि पुस्तक आपलं ऐकतच नाही. मला काय राहिलं तर तिची सतत चाललेली मोजदाद, घरात काय आहे, कुणाला काय द्यायचं, उद्याचं कसं. मोठं दुःख आलं तरी तिची मोजदाद थांबत नाही. आमच्याकडं पेशंट गेला की नातेवाईक बायकांत एखादी अशी असतेच, सगळे रडत असतात आणि ही गाडीचे किती, घरी कोण पुढं जाणार, म्हाताऱ्याला कोण सांगणार ह्याच्यात. पूर्वी मला वाटायचं काय कठोर बाई आहे. धग वाचल्यापासनं मी अशा बाईला आधी चहा आणून देते.

द्राक्षबाग_बिग (तासगाव)

मी वाचक वगैरे नाय, कोविडच्या टायमाला घरात बसून दोन-चार वाचली तेवढीच. त्यातली गोतावळा अजून डोक्यातनं जात नाही, आनंद यादवांची, कागलकडचे ते. नारबा म्हणून गडी आहे, मालकाच्या मळ्यात राबणारा, ना बायको ना पोरं, ती जनावरंच त्याचा गोतावळा, आणि मग मालक ट्रॅक्टर आणतो आणि एकेक जनावर जातं. पूर्ण पुस्तक नारबाच बोलतो, आपल्या इकडच्यासारखंच बोलणं.

आता प्रॉब्लेम असा की आमच्या घरात ट्रॅक्टर आणणारे आम्हीच. म्हणजे मी त्या मालकाच्या बाजूचा माणूस, आणि मालक तसा काय वाईट नाहीच, हिशोबानं बरोबरच वागतो, मी पण तेच केलं असतं. पण सांगणारा नारबा आहे त्यामुळं सगळा वेळ अंगावर आल्यासारखं होतं. वाचून झाल्यावर वडिलांना सहज विचारलं की आपल्यात बैल होते त्यांची नावं काय ओ, तर वडील फवारणीचं औषध कालवत होते, हात न थांबवता त्यांनी एका दमात सगळी सांगितली, कुठला कुठल्या बाजारात घेतला, कुठला मारका, कुणाला दिला आणि त्यानं नीट ठेवला का नाही ते सुद्धा. मी घरात एवढी वर्षं आहे, हे मी कधी ऐकलं नव्हतं.

कृष्णाकाठची ताई तुम्ही जावांचं सांगितलं ते बरोबर आहे. कोण सांगतंय त्याच्यावर सगळा खेळ आहे.

अजिंक्यतारा_खाली (सातारा)

@द्राक्षबाग, मी वाचक नाही म्हणता आणि सगळ्यात मुद्द्याचं तुम्हीच बोललात. गोतावळा १९७१ ची. नारबाच्या जागी मालकानं सांगितली असती तर ती शेती सुधारल्याची यशोगाथा झाली असती, कृषी प्रदर्शनात वाटली असती.

धगच्या बाबतीत शरणागती, वाचलेली नाही, आणतो.

बुडीत_क्षेत्र (जावळी खोऱ्यातला, आता दुसरीकडं)

आमचं मूळ गाव धरणात गेलं. कुठलं ते महत्त्वाचं नाही, आमच्या जिल्ह्यात धरणाला तोटा नाही.

विश्वास पाटलांची झाडाझडती (नेर्ल्याचे, साताऱ्याच्या ९९व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष) माझ्या थोरल्या भावानं घरात आणली होती. विस्थापितांवरचीच आहे, साहित्य अकादमी मिळालेली. भावाला ती फार प्रिय, कारण त्यात कागद आहेत, अर्ज, नोटिसा, हेलपाटे, कुणी किती खाल्लं, सगळं. तो म्हणतो आपली फाईल कुणीतरी वाचली असं वाटलं. मला खरं सांगू, जमली नाही. सगळं बरोबर असूनसुद्धा. घरात जे रोज ऐकत मोठा झालो तेच परत वाचायचा कंटाळा आला असेल.

मला रिंगाण राहिली. कृष्णात खोतांची, २०२३ ची साहित्य अकादमी. त्यातपण धरणानं उठवलेलीच माणसं, पण गोष्ट काय तर देवाप्पा मागं राहिलेली म्हैस आणायला उठून गेलेल्या गावात परत जातो. एवढंच. मोर्चा नाही, भाषण नाही. म्हशीला कोण सांगणार की गाव उठलं म्हणून, ती तिथंच राहणार, ती आता जंगलातली झालेली, माणसाला ओळखत नाही का ओळखते तेच कळत नाही. माझ्या आजीनं नव्या गावठाणात पहिली काही वर्षं गोठा बांधू दिला नव्हता, आपल्याला परत जायचंय म्हणायची. कारण विचारलं की चिडायची. आजी जाऊन बरीच वर्षं झाली, पुस्तक नंतर आलं, पण ती म्हैस वाचताना मला आजीचंच डोकं दिसत होतं, उलटं का सुलटं ते नाही सांगता येत.

म्हणजे ताई तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर, विषय आपला असून भागत नाही. एकाच विषयावरची दोन पुस्तकं, एकाच घरातले दोन भाऊ, आणि दोघांना वेगळी राहिली.

माणदेशी_मेंढका (आटपाडी)

बुडीतभाऊ, हात जोडतो.

मोठ्या भावाचं पण मला कळतंय बरं का. फाईल कुणीतरी वाचली, हे पण लय मोठं असतंय.

घाटमाथा (वाई)

मध्येच तोंड घालतो. ज्यांना ह्यातलं काही बघायचंय आणि विकत घ्यायचं नाही त्यांनी पाचगणीजवळ भिलारला जा, पुस्तकांचं गाव, मे २०१७ पासनं आहे, लोकांच्या घरात पुस्तकं मांडलीत, एकेका घरात एकेका प्रकारची, कुणी उठ म्हणत नाही. फक्त स्ट्रॉबेरीच्या सीझनला आणि शनिवार-रविवारी नको, सेल्फीवाले फार. मी तिथं श्री. ना. पेंडश्यांची गारंबीचा बापू काढली आणि बायको पोरांना घेऊन मॅप्रोला जाऊन परत आली तरी मी तिथंच. काय राहिलं ते परत कधी, आत्ता डबल ड्युटी आहे.

कृष्णाकाठची (सांगली)

एवढं येईल असं वाटलं नव्हतं. घाटमाथा, बापूवर लिहा, टाळू नका.

बाइंडिंगदादा, मला गोतावळा आणि धग दोन्ही हव्यात, सांगलीत बघते, पण तुमच्याकडं असतील तर कराडला माझा भाऊ असतो, त्याच्या नावावर चालेल का? आणि समासात खुणा असलेली प्रत मिळाली तर बरं.

जुनी_बाइंडिंग (कराडजवळ)

भाऊ सभासद असला पाहिजे, अनामत भरून आधार कार्डाची झेरॉक्स आणायची. गोतावळा आहे, सुट्टीनंतर द्या म्हणून एक मास्तर घेऊन गेलेत, आल्यावर ठेवून देतो. धगसाठी आधी अजिंक्यतारा भाऊंचा काल फोन येऊन गेलाय, तुमचा नंबर दुसरा. सोमवारी बंद असतं.